चिनी गाठकामाच्या माळा

चिनी गाठकामाच्या माळा : एक लांब दोरा मध्यावर दुमडून, त्याच्या दोन पदरांनी ठरावीक आकृतीच्या शोभेच्या गाठी विणत आणि त्यांत मणी, जेड या बहुधा हिरवट मौल्यवान दगडाचे पदक किंवा गोंडा गुंफत केलेला गळ्यातला दागिना. या गाठकामाला चिनी भाषेत ‘जोंगग्वो ज्ये’, म्हणजे सरळ ‘चिनी गाठ’ म्हणतात. त्यातली बहुतेक गाठ डावी-उजवीकडे सारखी असते, पुढून आणि मागून जवळजवळ एकच दिसते, आणि तिची आख्खी आकृती सहसा एकाच अखंड दोऱ्यातून निघते. मॅक्रमे करताना अनेक दोरे एका दांडीला टांगून ओळीओळीने गाठी मारत खाली उतरतात. इथे दोरा एकच असतो आणि तो स्वतःच्याच पोटातून फिरून परत येतो.

आपल्याकडे सर गाठवून देणारा पटवेकरी रेशमाची गाठ शक्यतो मण्याआड दडवतो. चिनी माळेत गाठच दर्शनी असते आणि मणी तिच्या सोबतीला येतो. म्हणून ती निव्वळ शोभेची असते असे मात्र नाही. गळ्यातल्या माळेत गाठीला तीन कामे असतात : पदकाचे वजन पेलणे, मणी जागच्या जागी ठेवणे आणि माळ गळ्यामागे बंद करणे. भिंतीवर टांगायच्या गाठीला यातले एकही काम नसते, त्यामुळे तिथे जी मोठी फुलोऱ्याची गाठ खुलते तीच गळ्यात ओझे वाटू लागते. यांपैकी काहीच न करणारी गाठ माळेत बहुधा खटकते.

जुन्या काळातील गाठ

चीनमध्ये गाठीचा उल्लेख लेखनाच्याही आधीचा सांगितला जातो. ‘यी जिंग’ या प्राचीन ग्रंथाच्या एका भाष्यात म्हटले आहे, की फार पूर्वी लोक दोऱ्यांना गाठी मारून कारभार चालवत आणि पुढे ज्ञानी पुरुषांनी त्यांच्या जागी लिपी आणली. दाओ पंथाच्या ‘दाओ द जिंग’मध्येही लोकांनी पुन्हा गाठींकडे वळावे अशी इच्छा आहे. या गाठी हिशेबाच्या होत्या, शोभेच्या नव्हेत. पण गाठ म्हणजे ध्यानात ठेवलेली, बांधून घेतलेली गोष्ट हा अर्थ चिनी मनात तेव्हापासून मुरलेला दिसतो. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘खूणगाठ बांधणे’ आपण रोज म्हणतो.

गळ्यात काही ओवून घालण्याची हौस तर त्याहून कितीतरी जुनी. बीजिंगजवळच्या जोउकोउत्येन येथील वरच्या गुहेत अश्मयुगीन माणसाची हाडाची सुई सापडली, आणि तिच्यासोबत भोके पाडलेले प्राण्यांचे दात आणि लहान दगडी मणीही. काहींवर गेरूचा तांबडा रंग होता. ते ज्या दोऱ्यात ओवले होते तो दोरा अर्थातच उरलेला नाही. चिनी गाठकामाच्या इतिहासाची अडचण नेमकी हीच आहे. रेशीम कुजते, जेड टिकते. त्यामुळे जुन्या गाठींचा माग काढायचा तो काशाच्या भांड्यांवर कोरलेल्या दोरीच्या नक्षीतून, मूर्तींच्या कमरपट्ट्यांतून आणि चित्रांतून.

हा माग काढला, की एक गोष्ट लक्षात येते. शोभेच्या गाठीचे जुने घर गळा नव्हे, कंबर. जेडचे तुकडे, अत्तराची पुरचुंडी, पंखा, चष्म्याचे घर अशा वस्तू कमरेला किंवा वस्त्राला लटकवत आणि त्यांच्या वरखाली गाठी व गोंडे येत. थांग राजवटीपासून (६१८–९०७) प्रेमिकांच्या ‘तोंगशिन ज्ये’चा, म्हणजे एकचित्त गाठीचा उल्लेख कवितांत वारंवार येतो. तीही वस्त्राच्या पट्ट्याचीच. आज दुकानात ‘हजारो वर्षांची परंपरा’ म्हणून जी गाठींची माळ विकली जाते, तिच्यातल्या गाठी जुन्या आहेत, पण त्या एकामागून एक रचून गळ्यात घालायची पद्धत बरीच अलीकडची.

गळ्यातल्या दागिन्यांची चिनी परंपरा वेगळ्या वाटेने आली. बौद्ध धर्माबरोबर भारतातून बोधिसत्त्वांचे रत्नहार गेले. अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे, त्याच कुळातले. चिनी मूर्तिकलेत या हारांना ‘यिंगल्वो’ म्हणतात. छिंग राजवटीत (१६४४–१९११) दरबारी पोशाखावर ‘छाओजू’ ही १०८ मण्यांची माळ आली. तिचे मूळ जपमाळेत आहे. दर २७ मण्यांनंतर एक मोठा मणी, बाजूला दहादहा मण्यांचे तीन छोटे सर आणि मानेमागून पाठीवर फितीने सोडलेले एक पदक अशी तिची रचना. तीन छोट्या सरांपैकी पुरुषांचे दोन डावीकडे आणि एक उजवीकडे असे, स्त्रियांचे उलट. मुलकी अधिकाऱ्याला पाचव्या आणि लष्करी अधिकाऱ्याला चौथ्या श्रेणीपासून वर ही माळ घालता येई. घरोघरी मात्र लहान मुलांच्या गळ्यात चांदीचे ‘छांगमिंग स्वो’, म्हणजे दीर्घायुष्याचे कुलूप, लाल दोऱ्यात किंवा चांदीच्या कड्यात अडकवत. जीव कुलपात बंद झाला की कोणी नेणार नाही, असा त्यामागचा भाव.

गळ्यातले पदक आणि गाठकाम यांची गाठ पडते ती त्साओ श्वेचिन याच्या अठराव्या शतकातल्या ‘होंगलौमंग’ या कादंबरीत. नायक बाओयू जन्माला आला तोच तोंडात जेडचा खडा घेऊन, आणि तो खडा त्याच्या गळ्यात असतो. पस्तिसाव्या प्रकरणात यिंगअर ही दासी त्याच्याकडे गाठींची जाळी विणायला येते. लालभडक कमरपट्ट्यावर काळी किंवा गडद निळी जाळीच रंग तोलून धरील, असे ती सांगते. आपल्याला कोणकोणत्या नमुन्यांच्या जाळ्या येतात याची यादीही देते : उदबत्ती, हत्तीचा डोळा, साखळी, प्लमचे फूल, विलोचे पान. मग तिची मालकीण बाओछाइ येते आणि म्हणते, त्यापेक्षा त्या जेडसाठीच जाळी कर ना. रंगाचा प्रश्न निघतो. लाल रंग जेडशी भांडेल, पिवळा उठून दिसणार नाही, काळा फार गडद होईल. शेवटी सोनेरी तार आणि काळा मणीदोरा एकेक पदर एकत्र पिळून जाळी करायचे ठरते. आज माळ करायला बसणाऱ्यालाही पदक आणि दोऱ्याच्या रंगाविषयी याहून चांगला सल्ला सापडणे अवघड आहे.

नावे आणि अर्थ

चिनी भाषेत एकसारख्या उच्चारांचे शब्द पुष्कळ, आणि शुभाशुभाचा निम्मा व्यवहार या श्लेषावर चालतो. वटवाघूळ ‘फू’, सौभाग्यही ‘फू’. मासा ‘यू’, समृद्धीतून उरणारे शिल्लकही ‘यू’. गाठीचा ‘ज्ये’ हा शब्द मंगलवाचक ‘जी’च्या जवळ जातो. म्हणून माळेतले पदक माशाचे असेल तर वरची गाठही तशीच अर्थपूर्ण निवडतात. दोन जुनी भोकाची नाणी एकमेकांत गुंतल्यासारखी दिसणारी ‘श्वांगच्येन’, म्हणजे दुहेरी नाणे गाठ, भरभराटीची. तीन पाकळ्यांची गाठ आंबुटीच्या पानाची. छताच्या नक्षीवरून, फुलावरून, सापावरूनही गाठींची नावे आहेत.

सर्वांत मान ‘पानचांग’ गाठीला. (पंचांगाशी संबंध नाही.) तिरक्या चौकोनात दोरा आडवा-उभा जाळीसारखा फिरतो, कडांना छोटे फास बाहेर राहतात आणि सुरुवात-शेवट कुठे ते कळत नाही. ही बौद्धांच्या अष्टमंगल चिन्हांतली अनंत गाठ. मराठी वाचकाला तिचे संस्कृत नाव ओळखीचे आहे : श्रीवत्स. विष्णूच्या वक्षावरचे आणि जैनांच्या अष्टमंगलातलेही चिन्ह तेच, जरी भारतात त्याचा आकार वेगळा झाला आणि गाठीचे रूप तिबेट-चीनकडे ठळक राहिले. ‘वान’ नावाच्या गाठीच्या मध्यभागी तर चक्क स्वस्तिकासारखा पेच असतो. चीनच्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे बोधचिन्ह पानचांगवरूनच घेतले आहे.

पुनरुज्जीवन

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही कला जवळजवळ विसरली गेली होती. पोशाख बदलला, कमरेला लटकवायच्या वस्तू गेल्या, आणि गाठी उरल्या त्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांत किंवा चिनी अंगरख्याच्या कापडी गुंड्यांत. १९७०च्या दशकात तैवानमध्ये लिडिया चेन (चिनी नाव छन श्याशंग) यांनी आणि ‘हानशंग’ मासिकाच्या मंडळींनी उरल्यासुरल्या जाणकारांकडून आणि जुन्या वस्तूंवरून या गाठी गोळा केल्या, त्यांच्या आकृत्या काढल्या, आणि १९८१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. ‘चिनी गाठ’ हे सामुदायिक नाव त्यानंतर रुळले. तैवानमधून ही लाट चीनच्या मुख्य भूमीवर गेली. २००८च्या ऑलिंपिकसाठी बीजिंगने दावा मांडला तेव्हाच्या बोधचिन्हातही गाठीचा आकार होता. कोरियातले ‘मेदूप’ आणि जपानमधले शोभेचे गाठकाम ही याच घराण्यातली भावंडे, पण त्यांची वळणे आता स्वतंत्र आहेत.

दोरा आणि हत्यारे

पूर्वी दोरा रेशमाचा असे. आज बहुतेक माळा नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या गोल दोऱ्याच्या असतात. चिनी बाजारातल्या गाठकामाच्या दोऱ्याला क्रमांक असतो आणि क्रमांक वाढला की दोरा बारीक होतो. ५ क्रमांकाचा साधारण अडीच मिमी. जाड, ७चा दीड मिमी. माळेसाठी त्याहूनही बारीक, सुमारे एक मिमी.चा ‘जेडदोरा’ चालतो. तो मण्याच्या भोकातून दोनदा जातो की नाही हे आधी पाहावे. नंतर कळून उपयोग नसतो. दोरा गुळगुळीत असेल तर गाठ चमकते पण सैल पडते. थोडा खरखरीत किंवा मेण लावलेला असेल तर गाठ धरते, मात्र ओढून सारखी करताना त्रास देतो.

हत्यारे फार नाहीत. कॉर्कचा किंवा थर्माकोलचा तक्ता, टाचण्या, चिमटा, कात्री, बोथट मोठी सुई आणि लायटर. लायटर फक्त कृत्रिम दोऱ्यासाठी. नायलॉनचे टोक वितळून घट्ट होते, रेशीम आणि सूत नुसते जळते. रेशमाची टोके गाठीच्या आत ओढून बारीक टाक्यांनी शिवतात.

दोरा किती लागेल हा नवशिक्याचा पहिला प्रश्न, आणि त्याला ठोकळ उत्तर नाही. जी गाठ माळेत जास्त वेळा येणार आहे तिच्या दहा गाठी मारून पट्टीवर मोजाव्यात, मग त्या सोडवून गेलेला दोरा मोजावा. या गुणोत्तराने हिशेब करून वर दोन्ही बाजूंना वीतभर दोरा धरावा. उरलेला दोरा कापता येतो. कमी पडलेला जोडता येत नाही, कारण जोड गाठीत कुठेतरी फुगतोच.

माळेच्या गाठी

माळेत प्रत्यक्ष चालणाऱ्या गाठी मोजक्या. पहिली ‘न्यूकौ’, म्हणजे आपली गुंडी. तिचे वैशिष्ट्य असे, की ती दुहेरी नाणे गाठीतूनच तयार होते. आधी दोन पदरांची सपाट नाणे गाठ विणायची, मधला फास वर ठेवायचा. मग प्रत्येक टोक एकाच दिशेने फिरवून फासाच्या शेजारच्या पदराला बाहेरून वळसा द्यायचा आणि खालून गाठीच्या बरोबर मध्यातून वर काढायचे. आतापर्यंत हातात सपाट जाळीचे चिपाड असते. टोके आणि फास विरुद्ध दिशांना हळूहळू ओढले, की कडा वर वळतात आणि चिपाडाचा गोल मणी होतो. पहिल्यांदा हे घडते तेव्हा बरेच जण ती गाठ सोडवून पुन्हा मारून पाहतात. जो आकार नाण्याचा होता तोच गुंडीचा झाला, यावर डोळ्यांचा विश्वास बसत नाही. गुंडी पदकाच्या वर बसवली की ते फिरत नाही, आणि माळेच्या एका टोकाला गुंडी, दुसऱ्याला फास ठेवला की धातूच्या कडीची गरजच उरत नाही. अंगरख्याचे बंद लावायची युक्ती ती हीच.

दुसरी ‘श्वांगल्येन’, जोडगाठ. दोन साध्या गाठी एकमेकींच्या पोटातून गेलेल्या. दिसायला लहानशी, पण जागची हलत नाही. मण्याच्या दोन्ही बाजूंना पहारेकरी म्हणून तिच्यासारखी दुसरी नाही.

तिसरी नागगाठ, ‘श ज्ये’. दोन्ही पदर एकमेकांभोवती आळीपाळीने फास टाकत जातात आणि सापाच्या खवल्यांसारखी दोरी तयार होते. माळेचे मानेवरचे भाग बऱ्याचदा हिचेच असतात. तिला ताण बसला की खवल्यांमध्ये फटी पडतात. तिची जुळी बहीण ‘जिनगांग’, वज्रगाठ. दिसायला अगदी तशीच, पण तिच्यात आधीची गाठ पूर्ण ओढण्यापूर्वीच पुढची तिच्यातून काढतात, म्हणून ती ताणली तरी सरकत नाही. वजनदार पदकाला वज्रगाठच बरी. दुकानदार दोन्हींना एकाच नावाने विकतो, तेव्हा हातात घेऊन ताणून पाहावे.

चौथी सपाट गाठ, ‘पिंग ज्ये’. राखीच्या मागच्या दोऱ्यावर जी सरकती चपटी पट्टी असते ती हीच. माळेची दोन्ही टोके एकमेकांवर ठेवून त्यांच्याभोवती वेगळ्या दोऱ्याच्या तुकड्याने आठ-दहा सपाट गाठी मारल्या, की माळ लहान-मोठी करता येते. डोक्यातून घालायची माळ पूर्ण उघडल्यावर निदान ६० सेमी. भरली पाहिजे, नाहीतर ती कपाळावर अडकते.

एक साधी माळ अशी होते. मध्ये भोक असलेली जेडची चकती, ‘पिंगआन कौ’ म्हणजे सुरक्षेची गुंडी, हे सर्वांत प्रचलित पदक. एक मिमी.चा दोन मीटर दोरा घ्यायचा, मध्यावर दुमडून तो फास चकतीच्या भोकातून काढायचा आणि दोन्ही टोके त्याच फासातून ओवून ओढायची. वर लगेच गुंडी. गुंडीवर एक लहान मणी, मण्यावर जोडगाठ. इथून दोन पदर दोन बाजूंना जातात. प्रत्येक बाजूला दर चार बोटांवर एक मणी आणि त्याच्या मागेपुढे एकपदरी गाठ. डावीकडची गाठ मारली की लगेच उजवीकडची मारायची, एक बाजू पूर्ण करून दुसरी घ्यायची नाही. हाताचा ताण तासाभरात बदलतो आणि तो फरक माळेत दिसतो. शेवटी मागे सरकती सपाट गाठ.

विणणे, ओढणे, सावरणे

चिनी कारागीर कामाचे तीन भाग मानतात : ‘ब्येन’ म्हणजे विणणे, ‘चौ’ म्हणजे ओढणे, ‘श्यू’ म्हणजे सावरणे. आकृती पाहून विणणे कोणालाही जमते. खरी कसोटी ओढण्यात. पानचांग तक्त्यावर टाचण्यांनी विणून झाली, की ती भलीमोठी सैल जाळी असते. टाचण्या काढायच्या, आधी गाठीचे पोट चारही बाजूंनी थोडे आवळून घ्यायचे, मग मध्यापासून सुरू करून ढिला दोरा एका वळणातून पुढच्या वळणात सरकवत टोकापर्यंत न्यायचा. बाहेर राहिलेल्या फासांना कारागीर ‘कान’ म्हणतात. कान किती मोठे ठेवायचे हे याच वेळी ठरते. एकच दोरा जोरात ओढला की आकृती एका बाजूला कलंडते आणि ती सुधारायला पुन्हा सुरुवातीला जावे लागते. विणायला अर्धा तास लागला तर ओढायला एक तास ठेवावा. घाईची माळ दुरूनही ओळखू येते, कान लहान-मोठे असतात. सावरताना न दिसणाऱ्या जागी एखादा टाका किंवा गोंदाचा ठिपका देतात. नायलॉनला त्याशिवाय भरवसा नाही.

गळ्यासाठी पानचांग केलीच तर ती लहान आणि पदकाच्या लगेच वर ठेवतात. छातीवर मधोमध मोठी पानचांग म्हणजे नववर्षाचे दारावरचे तोरण गळ्यात घातल्यासारखे.

रंग आणि वापर

लाल हा नेहमीचा रंग. चिनी कालगणनेत प्राण्यांच्या नावाची बारा वर्षांची फेरी असते. ज्या वर्षी माणूस जन्मला त्या प्राण्याचे वर्ष पुन्हा आले, की ते त्याचे ‘बनमिंगन्येन’. हे वर्ष अवघड मानले जाते आणि संरक्षण म्हणून लाल दोरा गळ्यात, मनगटात किंवा कमरेला बांधतात. गडद हिरव्या जेडसाठी काळा किंवा तपकिरी दोराही पुष्कळ चालतो. लाल रंग जेडशी भांडतो, हे बाओछाइचे म्हणणे तिथे आजही खरे ठरते. तयार गाठी, दोरे आणि मणी यांचा मोठा घाऊक व्यापार जेज्यांग प्रांतातल्या यीवू शहराच्या बाजारातून चालतो. झोपणाऱ्या लहान मुलाच्या गळ्यात मात्र कोणतीही दोऱ्याची माळ ठेवू नये, शुभ असो वा नसो.

अशी माळ तुटते ती सहसा गाठीत नव्हे, पदकाच्या भोकाच्या कडेवर. जेड कठीण, कडा धारदार, आणि रोजच्या हालचालीत तोच एक सेंटिमीटर दोरा घासला जातो. त्यात घाम मुरतो आणि लाल रंग काळवंडतो. चीनमधल्या जेडच्या दुकानांत जुनी दोरी कापून नवी बांधून देण्याचे काम सतत चालू असते. घरी बदलायची असेल तर आधी कात्री लावू नये. गाठींचा क्रम फोटोत टिपून घ्यावा, आणि जुन्या माळेतली एखादी गुंडी सोडवून दोरा मोजून ठेवावा.